कोल्हापुरात अजगर पाळणं आणि त्यांचे फोटो काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं कायद्यानं पाळता येणाऱ्या परदेशी, बिनविषारी सापांबद्दल आहेत. विषारी साप घरात ठेवण्याबद्दल इथं काहीही नाही आणि विचारलंत तरी सांगणार नाही. तापमानाचे आकडे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

आपल्याकडचा अजगर पाळता येतो का?

नाही. उसाच्या फडात, ओढ्याकाठी किंवा राधानगरी-आंबा पट्ट्यात दिसणारा अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. शिक्षा किमान ३ ते कमाल ७ वर्षांचा तुरुंगवास आणि किमान २५,००० रुपये दंड. "जखमी होता म्हणून आणला", "पिल्लू होतं, आईनं सोडलं होतं" ही कारणं चालत नाहीत. अजगराची मादी अंडी उबवते, पण पिल्लं बाहेर आली की ती पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असतात. सोडून दिलेलं पिल्लू असा प्रकारच नाही.

धामण, दिवड, नाग, मांडूळ यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. तोडणीच्या वेळी फडात अजगर निघाला तर त्या सरीतलं काम थांबवा, माणसं लांब करा आणि १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा. सर्पमित्र आला तरी पकडलेला साप वन विभागाला कळवूनच सोडायचा असतो. त्याच्या घरच्या पिंपात "चार दिवस राहू दे" हेसुद्धा बेकायदाच.

मग कोणते पाळता येतात?

बाहेरच्या देशांतले, कागदपत्रं असलेले. सगळ्यांत जास्त दिसतो तो बॉल पायथन. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, मोठी मादी ४ ते ५ फूट, वजन दीड-दोन किलो, नीट ठेवला तर २० ते ३० वर्षं जगणारा. त्यापेक्षा मोठं हवं असेल तर ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा कार्पेट पायथन किंवा अमेरिका खंडातला बोआ. दोन्ही साधारण ६ ते ८ फुटांचे. आमचं मत विचाराल तर घरात सांभाळता येणारी हीच कमाल मर्यादा.

बर्मीज पायथन आणि जाळीदार अजगर 'फॉरेन' म्हणून विकायला निघतात. बर्मीज ईशान्य भारतात रानात आहे, जाळीदार निकोबार बेटांवर. म्हणजे हे दोन्ही भारतातले वन्य साप आहेत आणि 'परदेशी' म्हटल्यानं सुटका होत नाही. शिवाय जाळीदार अजगर जगातला सर्वांत लांब साप. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याचं काय करणार?

कागदपत्रं नेमकी कोणती?

२०२२ ची कायदादुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिनं आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या (साइट्स) प्रजाती चौथ्या अनुसूचीत आणल्या. बॉल पायथन, बोआ, कार्पेट पायथन त्यातच येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्यानुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर अर्ज करायचा असतो. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा साप मेला, तरी कळवावं लागतं.

विकणाऱ्याकडून साप घेताना आधी कागद बघा: त्याची स्वतःची नोंदणी, हस्तांतराची कागदपत्रं, नर-मादी, जन्मसाल, रंग आणि पाठीवरच्या नक्षीचा फोटो. "कागद नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. तो कागद येत नसतो.

माझ्याकडे आधीपासून विनानोंदणी साप आहे. सोडून देऊ का?

अजिबात नाही. रंकाळ्याच्या काठावर किंवा पन्हाळ्याच्या झाडीत सोडलेला परदेशी साप एक तर थंडीत मरेल, नाही तर त्याच्या अंगावरचे गोचिडीसारखे परजीवी आणि विषाणू इथल्या सापांना देईल. वन विभागाच्या कार्यालयात जाऊन लेखी माहिती द्या. सोबत वकील असला तर बरं.

मांडूळ घरात ठेवल्यानं पैसा येतो म्हणतात...

येतो तो पोलिसांचा फोन.

पेटी केवढी आणि कशाची?

मोठ्या बॉल पायथनला ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच. सात फुटी बोआला किमान ६ × २ × २, जमलं तर ३ फूट खोल. ढोबळ नियम: पेटीची लांबी आणि खोली मिळून सापाच्या लांबीपेक्षा कमी नको, म्हणजे त्याला कडेकडेनं अंग सरळ करता येतं.

१८ मिमी मरीन प्लाय, आतून लॅमिनेट, सांध्यांना मत्स्यालयात वापरतात तसा बुरशीनाशक नसलेला सिलिकॉन. नवीन पेटीतला डिंकाचा आणि सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन ते तीन आठवडे, ती उघडी ठेवा. वास येतोय तोवर साप आत घालायचा नाही. पुढं ५ मिमी टफन्ड काचेच्या दोन सरकत्या फळ्या आणि दुकानाच्या शोकेसला असतं तसं किल्लीचं कुलूप. कुलूप हौसेचा भाग नाही. बोआ नाकानं काच सरकवतो, आणि अर्ध्या इंचाची फट त्याला पुरते. हवेसाठी एका कडेला खाली आणि दुसऱ्या कडेला वर जाळीच्या पट्ट्या ठेवा. दोन्ही एकाच उंचीवर ठेवल्या तर हवा फिरत नाही आणि पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं.

आत लपायला दोन जागा, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. साप आत शिरल्यावर अंग तिन्ही बाजूंनी टेकलं पाहिजे एवढ्याच आकाराच्या. एकच जागा दिली तर साप ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडतो, आणि तो बहुतेक वेळा आडोसा निवडून थंडीत बसतो.

खाली काय पसरायचं?

कोकोपीट आणि नारळाच्या सालीचे तुकडे अर्धे-अर्धे, तीन-चार इंच जाड. नवीन साप असेल तर पहिले तीन महिने फक्त वर्तमानपत्र, म्हणजे विष्ठा आणि परजीवी लगेच दिसतात.

आपल्याकडे उसाचा भुसा फुकट मिळतो म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. नको. त्यात साखर उरलेली असते, ओल लागली की आंबतो, बुरशी धरतो आणि मुंग्या येतात. देवदाराचा भुसाही टाळा, त्यातलं तेल सापाच्या श्वसनाला बाधतं.

तापमान किती ठेवायचं?

बॉल पायथनसाठी गरम टोकाला ३१ ते ३३, थंड टोकाला २५ ते २७, रात्री २४ च्या खाली नाही. बोआला गरम टोक ३१-३२ पुरतं. दमटपणा ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत ७० च्या आसपास.

४ × २ × २ च्या पेटीला छताला लावलेला १०० वॉटचा सिरॅमिक हीटर किंवा रेडिएंट पॅनेल पुरतं. सिरॅमिकभोवती तारेची जाळी हवीच. साप त्याला विळखा घालतो आणि भाजेपर्यंत हलत नाही. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणाऱ्या उपकरणाशिवाय, कोणताही हीटर लावायचा नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर गरम टोकाला, सापाच्या पाठीच्या उंचीवर, केबल क्लिपनं घट्ट बसवा. तो निसटून पेटीबाहेर लोंबला तर खोलीची थंड हवा मोजत राहतो, हीटर बंदच होत नाही आणि सकाळी पाठ भाजलेली सापडते. पाण्याच्या भांड्यात पडला तरी तेच. आत चिकटपट्टी कधी वापरू नका, सापाच्या कातडीला चिकटते. चिकटलीच तर ओढू नका, खोबरेल तेल लावून सावकाश सोडवा.

आठवड्यातून एकदा इन्फ्रारेड थर्मामीटरनं पृष्ठभाग मोजा. पेटीला चिकटवलेल्या घड्याळी मीटरवर विश्वास ठेवून कित्येक साप आजारी पडले आहेत.

कोल्हापूरच्या हवेत वेगळं काय करावं लागतं?

बरंच. परदेशी माहितीपत्रकं दमटपणा वाढवायचे उपाय सांगतात. इथं जुलै-ऑगस्टमध्ये तो कमी कसा करायचा हा प्रश्न असतो. बाहेरची हवा ९० टक्क्यांच्या वर गेली की पेटीत पाणी फवारणं बंद, पाण्याचं भांडं लहान, हवेच्या पट्ट्या पूर्ण उघड्या. कोकोपीटचा वरचा थर हातात दाबून बघा, ओल लागली तर बदला. सततच्या ओलीत पोटाचे खवले तपकिरी होतात, मग फोड येतात. ओल आणि गारवा एकत्र आला तर फुप्फुसाचा संसर्ग: श्वासाला शिट्टी, नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसणं. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्य. साप आणण्यापूर्वीच सापांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवायचा तो यासाठी.

एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, खोली थंड करत नाही. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी ३८ होतं, आणि ३५ च्या वर थंड टोक गेलं की बॉल पायथन धोक्यात असतो. पेटी तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. हीटर दुपारपुरता बंद, मोठं पाण्याचं भांडं आत, बर्फाची बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकवलेली.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर १३-१५ असतं. पेटीच्या पाठीला आणि कडेला थर्मोकोलचे तक्ते लावले की हीटरचं काम बरंच हलकं होतं. वीज गेली तर: १०० वॉटचा हीटर सहा तास म्हणजे ६०० वॉट-तास. घरातल्या १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीतून हाती लागतात साधारण हजार. हीटर एकटाच चालत असेल तर रात्र निघते, पंखे आणि टीव्हीही चालले तर नाही.

नदीकाठी राहत असाल, सुतारवाडा किंवा शाहूपुरीची कुंभार गल्ली, तर जूनमध्येच वाहतुकीची पेटी तयार ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की साप नातेवाइकांकडे हलवा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसलात तर माणसांनाच बाहेर काढायची घाई असते, तुमच्या पेटीला होडीत कुणी जागा देणार नाही.

खायला काय, किती, किती दिवसांनी?

पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचा उंदीर दर सात दिवसांनी. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला ५ टक्क्यांच्या आसपास, तीन ते चार आठवड्यांतून एकदा. जाडीनं भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढं असावं, जास्त नको. आठवड्याला उंदीर घालून लठ्ठ केलेले साप फोटोत रुबाबदार दिसतात आणि यकृताच्या आजारानं लवकर मरतात.

भक्ष्य मेलेलं आणि गोठवलेलं द्या. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून बर्फ उतरवा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात, वरून ३८-४० होईपर्यंत. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतं आणि फुटतं. चिमटा किमान एक फुटाचा. जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपायला जाऊ नका. भूक नसलेल्या सापाला उंदीर पाठीच्या कण्यापर्यंत कुरतडतो.

घरातले उंदीर, गटारातल्या घुशी कधीच नाहीत. शेजाऱ्यानं विषाचं औषध टाकलेलं असतं आणि ते तुम्हाला माहीत नसतं.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. उलटी झाली तर दोन आठवडे काहीही न देता थांबा, तापमान तपासा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य. बॉल पायथन हिवाळ्यात महिना-दोन महिने खात नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. वजनकाटा बघा. दहा टक्क्यांहून जास्त घट झाली तर पशुवैद्य.

आणि नागपंचमीला दूध?

कोणताच साप दूध पचवत नाही. पाणी द्या, रोज बदलून.

कात अर्धवट निघाली तर?

डोळे निळसर-दुधी होतात, तीन ते पाच दिवसांनी परत स्वच्छ होतात आणि त्यानंतर चार-सात दिवसांत कात एकसंध निघते. तुकड्यांत निघाली म्हणजे दमटपणा कमी पडला, आणि हे बहुधा मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात होतं. झाकणाच्या डब्यात ओलं शेवाळ किंवा ओला टॉवेल घालून, २८-३० तापमानाला साप अर्धा तास ठेवा, मग टॉवेलमधूनच सरकू द्या. शेपटीच्या टोकाची कात राहिली तर ती करकचून रक्तपुरवठा तोडते, म्हणून ते टोक दर वेळी तपासा. डोळ्यावरची राहिलेली टोपी चिमट्यानं काढायला जाऊ नका. पुढच्या कातीबरोबर ती निघते, नाही तर डॉक्टर काढतात.

साप पळाला तर?

दारांखालच्या फटी कापडानं बंद करा. फ्रिजच्या मागं, गिझरजवळ, सोफ्याच्या पोटात, चप्पलांच्या कपाटात बघा. साप ऊब आणि फट शोधतो. दिवसा सापडला नाही तर रात्री फरशीवर भिंतीकडेनं पीठ भुरभुरा, माग दिसतो. आठ फुटी साप असेल तर शेजाऱ्यांना सांगायची लाज बाळगू नका. घाबरून काठी घेणाऱ्या माणसाला आधी माहिती असलेली बरी.

चावला, सोडत नाही. काय करू?

ओढू नका. दात मागं वळलेले असतात, ओढलं की कातडी फाटते आणि दात आत तुटतात. तोंडाच्या कडेला थंड पाण्याची धार सोडा, नाही तर हात धुण्याच्या सॅनिटायझरचा थेंब लावा. विळखा असेल तर शेपटीच्या टोकाकडून उलगडा, डोक्याकडून नाही. मग साबणानं पाच मिनिटं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. चावणारा साप बिनविषारी असल्याची खात्री नसेल, म्हणजे अंगणातला असेल, तर हे काहीही करत बसू नका, सरळ सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात जा.

सहा फुटांच्या वर एकट्यानं हाताळायचं नाही, आठ फुटांच्या वर दोन मोठी माणसं. गळ्यात कधीच नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. पेटी उघडल्यावर आधी हुकनं पाठीला हलकेच स्पर्श करा, म्हणजे हे जेवण नाही हे सापाला कळतं. हुक उद्यमनगरात कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात स्टीलच्या सळईचा बनवून मिळतो. टोक आणि वेल्डची जागा बोटाला टोचणार नाही इतकी घासून घ्यायला सांगा. हाताळून झालं की साबण लावा. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असतो, त्यामुळं पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

फोटो काढायची चांगली वेळ कोणती?

कात टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पोट रिकामं असताना, संध्याकाळी. डोळे दुधी असताना काढू नका. त्याला नीट दिसत नसतं, तो चिडतो आणि फोटोही मळकट येतो. खोली २६ ते ३० अंशांवर हवी. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, पुरे. साप शांत बसावा म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती काही जण सांगतात. ती क्रूर आहे आणि फोटोत ओळखू येते: अंग ताठ, जीभ आत, मान निर्जीव.

स्थिर बसवायचा तर त्याला मांडणीच्या जागी ठेवा आणि वर त्याची नेहमीची लपायची टोपी उपडी घाला. तीन-चार मिनिटांत तो वेटोळं करतो. टोपी अलगद उचला, पहिले वीस-तीस सेकंद तुमचे. दोन माणसं हवीतच. कॅमेरावाल्याचा डोळा व्ह्यूफाइंडरला असतो, म्हणून दुसऱ्याची नजर सापावरून हलता कामा नये.

कॅमेऱ्याची सेटिंग?

डोक्यासाठी १०० मिमी मॅक्रो, पूर्ण अंगासाठी ३५ किंवा ५०. एफ/८ ते एफ/११, १/२०० सेकंद, आयएसओ २०० ते ४००, उजेड फ्लॅशचा. फोकस जवळच्या डोळ्यावर, कॅमेरा सापाच्या डोळ्यांच्या उंचीला. वरून काढलेला फोटो नोंदणीच्या अर्जाला ठीक. मॅक्रोनं फार जवळ गेलात तर नाक तीक्ष्ण आणि डोळा धूसर येतो. थोडं मागं सरका आणि नंतर कापा.

जिभेसाठी तेवढ्यात बटण दाबायचा प्रयत्न सोडा. दुसऱ्या माणसानं सापापासून दोन हातांवर हात हळू हलवला की हवा हलते आणि जीभ येते. सलग फ्रेम, १/१००० सेकंद, उजेड एलईडी पॅनेलचा, आयएसओ लागेल तेवढा. स्वस्त एलईडीच्या उजेडात आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळं फोटोत आडवे पट्टे येतात. तसं झालं तर पॅनेल बॅटरीवर चालवून बघा.

अल्बिनो, म्हणजे फिकट पांढऱ्या-पिवळ्या सापाला कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, उजेड दोन-तृतीयांश स्टॉप जास्त ठेवा. काळ्या सापाला तेवढाच कमी.

खवले चमकून पांढरे पडतात. उपाय?

फ्लॅश कॅमेऱ्यावर आहे, हे त्याचं कारण. तो काढून बाजूला ४५ अंशांवर न्या आणि मध्ये दोन फुटी चौकटीवर ताणलेलं पांढरं मलमल धरा. उजेडाचा पृष्ठभाग जेवढा मोठा आणि सापाच्या जवळ, तेवढी चमक मऊ. तरीही राहिली तर पोलरायझर फिल्टर फिरवून बघा, त्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो.

मात्र कात टाकलेल्या सापाच्या अंगावरचं इंद्रधनुष्य हवं असेल तर पोलरायझर काढा. ते रंग म्हणजे खवल्यांच्या पातळ थरांवरून परतलेला उजेडच, फिल्टर तोच गिळतो. तेव्हा मलमलची चौकट सापाच्या पलीकडं, जवळजवळ समोर, खालच्या कोनात आणा. गडद पार्श्वभूमीला काळी मखमल नको, तिचे धागे नाकातोंडाला चिकटतात. काळा मॅट कागद घ्या.

काचेतून, मोबाइलवर?

काच आतून-बाहेरून पुसा, खोलीतले दिवे बंद, लेन्स काचेला काटकोनात जवळजवळ टेकवून. मोबाइलमध्ये मॅक्रो मोड वापरला तर फोन सापाच्या तोंडापासून तीन-चार सेंटिमीटरवर जातो आणि गरम फोन भक्ष्यासारखा भासतो. दोन किंवा तीन पट टेली लेन्स घ्या, लांबून काढा.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतला कॅमेरा थेट गरम पेटीजवळ नेला तर लेन्सवर वाफ धरते. बंद पिशवीत वीस मिनिटं बाजूला ठेवा. इथल्या हवेत लेन्सला बुरशी लागते, त्यामुळं सिलिका जेलचा हवाबंद डबा हवा, आत दमटपणा ४० ते ४५ टक्के.

दाजीपूरला रानातल्या अजगराचे फोटो काढायचे असतील तर?

राधानगरी अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीनं जा, आखलेल्या रस्त्यावरून, त्यांच्या वाटाड्यासोबत. लांब लेन्स, ३०० मिमी किंवा जास्त. सापाला हुकनं उघड्यावर ओढणं, बिळाचं तोंड मोकळं करणं, अंड्यांवरच्या मादीला उठवणं हे फोटोग्राफीत येत नाही. ती मादी अंग थरथरवून अंड्यांना ऊब देत असते, उठली की ती थंड पडतात. फोटो टाकताना जागेची माहिती काढून टाका. शिकारी आणि मांडूळवाले तुमच्याइतकंच बारकाईनं बघतात. आणि रानातला अजगर हातात धरलेली रील टाकलीत तर तो गुन्ह्याचा पुरावा तुम्हीच तयार करून दिलेला असतो, तारीख-वेळेसकट.